उजवीकडच्याला आधी

शनिवार, रात्री

प्रथमोपचाराचा वर्ग संपवून आले. ४५ मिनिटांचे नऊ तास, सगळे एकाच दिवसात. पुतळ्याच्या छातीवर दाब देऊन देऊन मनगटं भरून आलीत. अपघातात पडलेल्या मोटरसायकलवाल्याचं हेल्मेट दोघांनी मिळून कसं काढायचं, मान कोणी धरायची, हे आज हाताने करून पाहिलं. जर्मनीत हा वर्ग केल्याशिवाय गाडीच्या लायसन्सचा अर्ज पुढे सरकत नाही. या सगळ्या खटाटोपातली मला मनापासून पटलेली पहिली गोष्ट हीच. बाकी डोळ्यांची तपासणी, ठरावीक मापाचा फोटो, पुण्याच्या लायसन्सचं जर्मन भाषांतर वगैरे नेहमीचंच.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. जपानी किंवा कोरियन माणसाला परीक्षेशिवाय बदलून मिळतं, आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. सवलत एवढीच की नवशिक्यांसारखे सक्तीचे तास नाहीत. म्हणजे कागदोपत्री नाहीत. परीक्षेला गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच लागते, शेजारी त्यांचाच मास्तर लागतो, आणि तो तुम्हाला चार-दोन वेळा फिरवून बघितल्याशिवाय परीक्षेला उभं करत नाही.

गंमत म्हणजे स्टुटगार्ट हे मर्सिडीज आणि पोर्शचं गाव. मी दिवसभर गाड्यांच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते आणि संध्याकाळी एस-बानला, म्हणजे इथल्या लोकलला, लोंबकळत घरी येते.

बुधवार

लेखी झाली, पास. संगणकावर ३० प्रश्न. चुकांचे दहापेक्षा जास्त दोषगुण झाले की नापास, घरी. पण पाच-पाच गुणांचे दोन चुकले तर दहावरच घरी. जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते. तुर्की आहे, अरबी आहे, हिंदी नाही, त्यामुळे मराठीचा विषयच संपला. मी इंग्रजीत दिली. पर्यायांत कधी एक बरोबर, कधी दोन, कधी तिन्ही, म्हणून अंदाजपंचे काही चालत नाही.

थांबायला लागणाऱ्या अंतराचं गणित मात्र डोक्यातून जात नाहीये. वेगाला दहाने भागा आणि तीनने गुणा: ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी तेवढे मीटर गेलेली असते. वेगाला दहाने भागून वर्ग करा: ब्रेक लागल्यावर ती आणखी तेवढी जाते. ५० च्या वेगाला १५ आणि २५, म्हणजे ४० मीटर. १०० ला ३० आणि १००, म्हणजे १३०. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून जास्त. ऑफिसात याहून कितीतरी किचकट समीकरणं बघते, पण एक्स्प्रेसवेवर पुढच्या गाडीच्या मागे आपण सगळे किती चिकटून जातो ते या दोन ओळींनी जसं दिसलं, तसं आजवर दिसलं नव्हतं.

शुक्रवार

पहिल्यांदा मास्तरांबरोबर गाडी काढली. साठीचे आहेत, बोली इथली अस्सल श्वाबियन, निम्मं मला हातवाऱ्यांवरून कळतं. उजव्या बाजूने चालवणं, उजव्या हाताने गिअर टाकणं हे तासाभरात अंगवळणी पडलं. लोक उगाच त्याचा बाऊ करतात. वळण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, तेही मानेला शिकवता येतं.

खरी गोम निघाली स्टुटगार्टच्या फायहिंगन भागातल्या गल्ल्यांत. ३० ची हद्द, दोन्हीकडे घरं, दर पन्नास पावलांवर चौक. सिग्नल नाही, पाटी नाही. अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. म्हणजे प्रत्येक चौकाशी वेग कमी, उजवीकडे नजर. हे जमलं. पण एका चौकात डावीकडून कुरिअरवाल्याची व्हॅन बऱ्यापैकी जोरात येताना दिसली आणि माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

‘का थांबलात?’

‘ती व्हॅन...’

‘तो थांबेल. तुम्ही त्याच्या उजवीकडे आहात. चला.’

व्हॅनवाला थांबलेला होताच, आणि मी का जात नाही म्हणून बघत होता.

पुढचा अर्धा तास मास्तरांनी मला मुद्दाम त्याच गल्ल्यांत घोळवलं. त्यांचं म्हणणं, आपली पाळी असताना थांबून राहणं हा परीक्षेत दोष धरतात आणि तो बरोबरच धरतात. डावीकडचा तुमच्या जाण्याचा हिशोब करून थांबलेला असतो, मागचा तुम्ही जाणार हे धरून येत असतो. तुम्ही ऐनवेळी ब्रेक दाबलात की दोघांचंही गणित चुकतं. (‘नजर मात्र डावीकडेही ठेवा,’ हेही सांगितलं. वेंधळे सगळीकडे असतात.)

आता, पुण्यात नळस्टॉपला टेम्पो अंगावर येत असताना ‘पाळी माझी आहे’ म्हणून पुढे जाणारा माणूस मला दाखवा! तिथे आपण समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, तो सोडणार की घुसणार ते ताडतो, आणि चाक इंच-इंच पुढे सरकवतो. तेही कौशल्यच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यात प्रत्येक चौकात नव्याने सौदा करावा लागतो. इथे सौदा आधीच झालेला असतो. तुम्ही फक्त तो पाळायचा, आणि समोरचाही पाळेल असं धरून चालायचं. मला जड गेलं ते हे दुसरं.

घरी येताना एस-बानमध्ये लक्षात आलं की मास्तर जे बोलले ते मी ऑफिसात रोज लिहिते. आपोआप लागणाऱ्या ब्रेकची चाचणी घेताना गाडी वेळेवर थांबली नाही तर ती नापास, आणि समोर काही नसताना थांबली तरीही नापास. विनाकारण ब्रेक लावणारी गाडी रस्त्यावर सोडत नाहीत. मग बाईला कशी सोडतील?

रविवार

बाबांना फोन. सगळी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेला माणूस. उजवीकडच्याला आधी हा इथला नियम मी जरा रंगवून सांगितला, तर म्हणाले, ‘अगं, मग आपल्याकडे दुसरं काय आहे? मोठा रस्ता नसेल तर चौकात उजवीकडच्याला वाट द्यायची. घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आम्हाला पाठ करायला लावलं होतं.’

मला वाटलं नेहमीप्रमाणे चढवून सांगतायत. शोधून पाहिलं तर खरंच. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत दोन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या (२०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले). पुण्यात मला लायसन्स मिळालं तेव्हा हे कोणी विचारलं नाही, आणि नंतर रस्त्यावर कधी गरज पडली नाही.

मग मी त्यांना लेखीतलं आवडतं कोडं घातलं. चार रस्ते, चारी बाजूंनी चार गाड्या एकदमच आल्या. प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी आहेच. आधी कोण जाणार?

‘ज्याला घाई नाही तो हात करेल,’ बाबा म्हणाले.

अगदी हेच उत्तर आहे. एकाने आपला हक्क सोडायचा आणि एकमेकांना खुणेने सांगायचं. जर्मन नियमही शेवटी हातवाऱ्यांवर येतो, हे ऐकून बाबा भलतेच खूश झाले.

मंगळवार

झालं. पास.

५५ मिनिटांची परीक्षा. परीक्षक मागच्या सीटवर टॅबलेट घेऊन, मास्तर शेजारी गप्प. ऑटोबान (इथला एक्स्प्रेसवे), मागे घेत पार्किंग, मग थांब्यावर चारी इंडिकेटर लावून उभी असलेली बस: तिच्याजवळून माणसाच्या चालीने जायचं, समोरून येणाऱ्यानेही. आणि शेवटी गल्ल्या, अर्थात. एका चौकात डावीकडून एक जाडजूड एसयूव्ही आली. मी गेले. शेजारी मास्तरांच्या मिशा हलल्यासारख्या वाटल्या.

पुण्याचं कार्ड जमा करून घेतलं, नवं दिलं. पंधरा वर्षांचं आहे.

बाबा मे महिन्यात येतायत. त्यांना कळवलं, तर अभिनंदन एका वाक्यात उरकून त्यांनी स्वतःचं विचारलं. पाहुणा म्हणून येणाऱ्याला भारतीय लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना एवढ्यावर इथे गाडी चालवता येते. ना लेखी, ना मास्तर, ना पुतळा. हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. आरटीओत अर्जही करून आलेत. आता रोज एकच प्रश्न: गाडी कुठली घेतेयस, आणि गिअरची आहे ना?

ऑटोमॅटिक बघत होते. आता परत बघावं लागणार.