आईला दाखवायचा सूर्यास्त

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जायला चौतीस पायऱ्या आहेत. आई त्या शेवटच्या चढली त्याला आता तीन उत्तरायण (इथली पतंगांची संक्रांत) झाली. गुडघ्यांमुळे ती खालच्याच खोलीत असते आणि दिवेलागणीला हमखास विचारते, "आज वर कसं होतं गं?" नुसतं तोंडानं सांगून तिचंही समाधान होईना आणि माझंही, म्हणून मी कॅमेरा घेऊन वर जायला लागले. निकॉनचा डी ५३००, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स, आणि भाच्यानं दिलेला एक ट्रायपॉड.

पहिले फोटो बघून आई म्हणाली, "हे दुपारचे आहेत का?" खरंच तसे दिसत होते. वर सगळं आकाश केशरी झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि फोटोत नुसता पांढुरका पिवळेपणा.

कारण कळायला महिना गेला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल सांभाळणारी सेटिंग, ऑटोवर असला की जास्तीचा केशरी रंग ही प्रकाशाची चूक आहे असं धरून कॅमेरा तो काढून टाकतो. घरातल्या बल्बच्या उजेडात हे बरं, पण सूर्यास्तात तो रंगच तर हवा असतो. तेव्हापासून मी तो 'क्लाउडी'वर ठेवते. फार तांबूस वाटलं तर 'डायरेक्ट सनलाइट'वर आणते, ऑटोवर मात्र कधीच नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. चौकटीत खाली काळोखी घरं आली की कॅमेरा ती उजळायला जातो आणि आकाश धुऊन निघतं. म्हणून सूर्य चौकटीबाहेर ठेवून त्याच्या बाजूचं आकाश धरायचं, पाठीमागचं एई-एल बटण, म्हणजे उजेडाचं माप धरून ठेवणारं, अंगठ्यानं दाबायचं आणि ते दाबलेलंच ठेवून हवी तशी चौकट लावून फोटो घ्यायचा. अंगठा उचलला की माप गेलं. मग हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड), बघायचा, आणि तोही लाल, हिरवा, निळा असा तिन्ही रंगांचा वेगवेगळा. एकत्र आलेखात सगळं ठीक दिसतं तेव्हाही लाल रंगाचा डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला असू शकतो. तसं झालं की सूर्याभोवती सपाट पिवळा डाग पडतो आणि तो नंतर कॉम्प्युटरवर काही केल्या जात नाही. एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, आणखी थोडं खाली घेतलं की भागतं. मी रॉ फाइलच (कॅमेऱ्यानं न आवळलेली कच्ची फाइल) घेते, म्हणजे सावल्या पुढे उजळता येतात. पण त्याही फार उजळायच्या नाहीत. आईचं म्हणणं आहे की संध्याकाळी समोरच्या घरावरची पाण्याची टाकी काळीच दिसली पाहिजे, आणि ते मला पूर्ण पटतं.

सूर्य फोटोत टिकलीएवढा का येतो, हे अनेक जण विचारतात. आकाशात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश असते. लेन्सच्या मिलिमीटरला ११०नं भागलं तर सेन्सरवर सूर्य साधारण केवढा पडेल ते कळतं. माझ्या ५५ला अर्धा मिलिमीटर, म्हणजे चौकटीच्या उंचीचा तिसावा भाग. ३००च्या लेन्सला तो जवळजवळ सहावा भाग व्यापतो. (अशी लांब लेन्स सूर्यावर रोखून व्ह्यूफाइंडरला डोळा कधीही लावू नका. मागच्या पडद्यावर बघा.) माझ्याकडे ती लेन्स नाही, म्हणून मी सूर्याला मोठं करायचा नाद सोडला आणि त्याच्यापुढे काय उभं आहे ते बघायला लागले.

त्यासाठी गावातल्या सूरसागर तळ्यावर गेले. न्यायमंदिराच्या, म्हणजे जुन्या कोर्टाच्या इमारतीच्या, बाजूनं पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की तळ्यातली १११ फुटी शंकराची मूर्ती मावळतीच्या आकाशावर येते. मूर्ती सोन्यानं मढवलेली, पण सूर्य मागे असताना ती काळी आकृतीच दिसणार, आणि सोनं दाखवायला गेलं की आकाश जातं. मी आकाश निवडलं. काठाकाठानं दोन पावलं सरकलं तरी सूर्य खांद्यामागून सुटून बाजूला येतो, आणि हे दोन मिनिटांत करावं लागतं. कड क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत वेळच तेवढा असतो. शिवाय आज जिथून जमलं तिथून सहा महिन्यांनी जमत नाही. बडोद्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनअखेरीला साडेसातच्या, आणि मावळायची जागा तेवढ्या काळात पन्नास अंशांनी उत्तरेकडे सरकते. आमच्या अगाशीवरून तो हिवाळ्यात टाकीच्या डावीकडे असतो आणि उन्हाळ्यात पार उजवीकडच्या कडुनिंबात.

मेमधल्या धुळीत रंग मळतो. पावसाची सर येऊन गेल्यावर हवा धुतलेली असते, वर पिसांसारखे उंच ढग असतात, त्या संध्याकाळी सगळी कामं सोडून वर जावं. सूर्य बुडाल्यावर लगेच खाली उतरू नका. उंचावरच्या ढगांना त्याचा प्रकाश आपल्यानंतरही बराच वेळ मिळत असतो, त्यामुळे सगळ्यात गडद लाल पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत येतो. तेव्हा ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर. आणि एकदा मागेही वळून बघा. पूर्वेला क्षितिजाशी करडा-निळा पट्टा दिसतो, ती आपल्या पृथ्वीची सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा असतो. हे बघायला मिळालं की मला अजून गहिवरून येतं.

यंदाच्या उत्तरायणला सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळत होता. आजूबाजूच्या सगळ्या अगाशांवर "काप्यो छे!"चा (कापला रे!) गलका. पतंग हलते, म्हणून आयएसओ ४०० आणि शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढं. बहुतेक पतंग काळे ठिपके आले. पण एक गुलाबी पतंग सूर्याच्या अगदी जवळून गेला आणि त्याचा कागद आतून दिवा लावल्यासारखा पेटला. मधली उभी काडी म्हणजे ढड्ढा, वाकलेली कमान, एका कोपऱ्यात चिकटवलेलं ठिगळ, सगळं स्वच्छ उमटलं.

तो फोटो छापायला दिला, तर लॅबच्या मशीननं आपणहून रंग 'सुधारून' आकाश पुन्हा फिकं केलं. मी परत गेले, ऑटो करेक्शन बंद करायला सांगितलं आणि शेजारी उभी राहून दुसरी प्रत काढून घेतली.

आईनं ती खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितली. मग ठिगळावर बोट ठेवून म्हणाली, "भाताच्या शितानं चिकटवलंय हे. डिंकानं कागद असा गोळा होत नाही."