लाइन गेल्यावर सोडवायचं पुस्तक

१३ डिसेंबर, शनिवार. रात्रीचे साडेअकरा.

या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची आहे. बाराला थ्री फेज येणार म्हणतात. आली तर हरभऱ्याचं ओलित सुरू करायचं, नाही आली तर घोंगडं पांघरून तिची वाट पाहायची. तोवर शेतातल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलोय. बॅटरी ६२ टक्के, नेटवर्क काहीच नाही.

आज पुतणीला घेऊन वर्ध्याला पुस्तकाच्या दुकानात गेलो होतो. ती बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमिस्टरला सी ही प्रोग्रामिंगची भाषा झाली, आता पायथॉन ही दुसरी लागली. काल म्हणाली, "काका, तुमाले येते नं पायथॉन? मंग पुस्तक तुमीच पाहून द्या." मला येतं ते वेचाईच्या हिशोबापुरतं. कोणत्या बाईने किती किलो कापूस वेचला, उचल किती नेली, बाजाराच्या दिवशी हातात किती द्यायचे, एवढंच. पण आमच्या घरात तेवढ्यावरही माणूस इंजिनियर होतो.

दुकानदाराने तीन पुस्तकं काउंटरवर टाकली. एक विटेएवढं जाड. एक परीक्षेचं, मागच्या पेपरांतले प्रश्न उत्तरांसकट. एक बेताचं, तीनेकशे पानांचं. "सबन पोरं हेच नेतात," म्हणत त्याने परीक्षेचं पुढे सरकवलं. पुतणीचा हात मात्र जाड्यावर. ती नजर मी ओळखतो. जाड पुस्तक म्हणजे पैसे वसूल, असं मलाही वाटायचं.

माझं जाडं पुस्तक मी २०१९ साली नागपूरला बर्डीच्या फुटपाथवरून आणलं होतं, दीडशे रुपयांत. घरी येऊन लॅपटॉपवर पायथॉन टाकलं, पहिलंच उदाहरण जसंच्या तसं टाइप केलं, तर लाल अक्षरांत एरर. प्रिंटला, म्हणजे स्क्रीनवर दाखव म्हणणाऱ्या आज्ञेला, कंस नाहीत म्हणे. पुस्तकात तर नव्हतेच. कंस घातले, चाललं. पुढे पाच भागिले दोन. पुस्तक म्हणतं उत्तर दोन, स्क्रीन म्हणते अडीच. गंमत अशी की मला दोनच बरोबर वाटत होतं. सी मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार केला की दशांश गळून जातो, आणि मी सी वरच वाढलेला. दोन रात्री लॅपटॉपला दोष दिला. तिसऱ्या दिवशी ते पान पाहिलं जे कोणी पाहत नाही, मुख्य पानाच्या मागचं. छापल्याचं साल २००६. पायथॉन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये; प्रिंटचे कंस आणि अडीच हे उत्तर दोन्ही तेव्हापासूनचे. दोनच हवे असतील तर आता दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात. माझं पुस्तक पायथॉन २ चं, आणि त्या पायथॉन २ ची देखभालसुद्धा १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. पुस्तक खोटं नव्हतं. जुनं होतं.

म्हणून आज आधी ते पान. जाड्यावर २०१४ होतं. आत प्रिंटला कंस होते, म्हणजे तसं चाललं असतं. मग तिला म्हटलं, तुला जे येतं तेच उघड. तिने लूप उघडला, म्हणजे एकच काम परत परत करवून घेणं. जाड्यात लूप म्हणजे काय हे समजावायला अकरा पानं. सी झालेल्या पोरीला हे म्हणजे वखर हाणणाऱ्याला बैल दाखवणं झालं. बेताच्या पुस्तकात दीड पानात लूप उरकलेला आणि सरळ लिस्टवर गाडी.

त्यातलं एक पान मोठ्याने वाचायला लावलं. ती मराठी माध्यमाची, इंग्रजीची धास्ती आहे तिला. व्हेरिएबल, फंक्शन या शब्दांवर अडली नाही. अडली ती अंड्यांवर. "काका, याच्यात अंडे काहून घेतले?" आता तिला काय सांगावं! भाषेचं नाव अजगरावरून नाही, मॉन्टी पायथॉन नावाच्या जुन्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून आहे. त्यातलीच स्पॅम आणि एग्ज ही नावं लोक उदाहरणांत घेत आले. अंडे बाजूला ठेव आणि तिथे कापूस लिही म्हटलं. दुकानदार हसला, पण काम झालं.

खरी पारख मी शेवटी ठेवली होती: प्रकरणाच्या शेवटी काय आहे.

ही खोड पॉलिटेक्निकपासूनची. तेव्हा आमच्या खोलीत कॉम्प्युटर नव्हता, आठवड्यातून दोनदा लॅबमध्ये टर्बो सी ची निळी स्क्रीन दिसायची, आणि एका मशीनला तीन पोरं. हातात होतं ते यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. कानेटकर नागपूरचे, याचा आम्हाला स्वतः लिहिल्यासारखा अभिमान. त्यात प्रकरणाखाली प्रश्न असायचे: या प्रोग्रामचं आउटपुट काय येईल, यातली चूक कोणती. हे प्रश्न कागदावर सुटायचे. लाइन गेली की मेणबत्ती लावून आम्ही आउटपुटवर चहाची पैज लावायचो आणि लॅबच्या दिवशी कोण हरला ते ठरायचं. मला जे सी आलं ते त्या अंधारात आलं, लॅबमध्ये नाही.

परीक्षेच्या पुस्तकात प्रश्नाखालीच उत्तर छापलेलं. डोळा आपोआप खाली घसरतो. जाड्यात प्रश्नच नाहीत, नुसती माहिती. बेताच्यात प्रत्येक प्रकरणाला पंधरा-वीस, उत्तरं शेवटी. ते घेतलं. पुतणी म्हणाली, "पन पेपरात तं हेच येते," आणि परीक्षेचंही घेतलं. वाद घातला नाही. पेपर तिला द्यायचाय.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तिला त्यातलाच एक प्रश्न दिला. अ ही लिस्ट, तिच्यात एक आणि दोन. ब बरोबर अ. मग ब मध्ये तीन घातला. अ मध्ये काय? तिने पटकन सांगितलं, "एक अन् दोन. ब तं वेगळा डबा हाय नं." सी चं शिक्षण बोलत होतं. मी काहीच म्हटलं नाही. ती वहीत दोन डबे काढून खोडत राहिली. घरी आल्याबरोबर, पाय न धुता, लॅपटॉपवर टाकलं. एक, दोन, तीन.

"हे कसं झालं?"

आपल्या बैलाला बाबा ढवळ्या म्हणतात आणि तू राजा म्हणतेस, म्हटलं. राजाला घुंगरू बांधलं तर ढवळ्याच्या गळ्यात वाजेल का नाही? ती हसली आणि पुढचा प्रश्न काढला. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

नंतर वहिनीची वेचाईची वही घेऊन माझ्या प्रोग्राममध्ये आजचे आकडे भरायला बसली. कीबोर्ड मराठीवर राहिला होता. प्रोग्रामने वजन विचारलं, तिने २३.५ असं देवनागरीतच दिलं. आता एरर येणार, मी म्हटलं. आली नाही. त्याने मुकाट्याने मजुरी काढली, दहाच्या दराने २३५ रुपये. सहा वर्षं वापरतोय, मला हे ठाऊक नव्हतं. मग तिने थेट प्रोग्राममध्येच व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा ठेवायच्या डब्याचं, नाव मराठीत 'मजुरी' ठेवलं. तेही चाललं. पण त्याच ओळीत पुढे १० हा आकडा देवनागरीत लिहिला तर लाल एरर.

"विचारल्यावर देला तं चालते, अन् प्रोग्रामात लिहिला तं काहून नाही?"

नवीन पुस्तक मागून पुढे चाळलं, नाही सापडलं. जुनं जाडंही माळ्यावरून काढलं. तिचा प्रश्न तिनेच बेताच्या पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर पेनाने लिहून ठेवला, खाली उत्तराला जागा सोडून.

बारा वाजून दहा. स्टार्टरचा दिवा लागला. मोटार सुरू करतो.