जुन्या मशीनचा कंप्युटर : जिओड, व्हॉर्टेक्स की अ‍ॅटम?

भोसरीत एका ओळखीच्यांच्या वर्कशॉपमधे जुनं मशीन आहे, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं, आत आयएसए (कार्ड जोडायची जुनी पद्धत) स्लॉटमधे कार्ड. त्यातल्या कंप्युटरचा मदरबोर्ड गेला म्हणून नव्या बोर्डासाठी प्रोसेसरचे तीन पर्याय घेऊन बसलो.

एएमडीचा जिओड एलएक्स ८०० मला मनापासून आवडतो, ५०० मेगाहर्ट्झ, फॅन नको, वर्षानुवर्षं धुळीत बंद डब्यात चालतो. पण त्याला मल्टिबाइट नॉपची (काहीच न करणारी, एकाहून जास्त बाइटची) इन्स्ट्रक्शन नाहीये आणि डेबियन १२ या लिनक्सला ती लागते, त्यामुळे नवं लिनक्स टाकायचं असेल तर इथेच अडतं.

इंटेलचा अ‍ॅटम एन२७० (२००८ चा, १.६ गिगाहर्ट्झ, २.५ वॅट) तिघांत सगळ्यात दमदार, विंडोज एक्सपी मस्त पळतं. पण आयएसए हवं तर मधे ब्रिज (जोडून देणारी वेगळी चिप) टाकावा लागतो आणि कार्ड डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीशी देवाणघेवाण) वापरत असेल तर मग डोकेदुखी.

व्हॉर्टेक्स८६डीएक्स मात्र याच कामासाठी जन्मलाय असं मला वाटतं, कारण आयएसए बस थेट चिपमधेच आहे. फक्त त्याचाच भाऊ व्हॉर्टेक्स८६एसएक्स घेऊ नका हं, त्यात एफपीयू (दशांशाची गणितं करणारा भाग) नाही आणि तशी गणितं करणारा प्रोग्राम तिथे अडकतो. डीएक्समधे आहे.

अजून एक, टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनात लिहिलेले बरेच जुने प्रोग्राम वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच रनटाइम एरर २०० देतात, डिले (थांबायचा वेळ) मोजणारा लूप इतक्या लवकर संपतो की भागाकार ओव्हरफ्लो होतो. त्याचा पॅच मिळतो, आधीच लावून ठेवा.

मी व्हॉर्टेक्सच घेतला.