तुम्ही विचारलंत म्हणून : मुंडकी उडताना हसू कसं येतं?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच नीट लिहून टाकते. अमेरिकेतला एखादा समर कॅम्प, तळ्याकाठच्या लाकडी केबिन, सुट्टीत कामाला आलेली पोरं आणि त्यांना एकेक करून गारद करणारा मुखवटेवाला. असे सिनेमे मी बघते, आणि बघताना खो-खो हसते. "अगं, माणसं मरतायत. हसण्यासारखं काय आहे त्यात?" विचारणाऱ्याला पडद्यावरच्या पोरांपेक्षा माझीच काळजी वाटत असते.

माझं म्हणणं असं की हा विनोद कुणी नंतर वरून भुरभुरवलेला नाही. तो गंभीर स्लॅशरच्या, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याच्या अशा सिनेमांच्या, पोटातच होता. 1980 चा 'फ्रायडे द थर्टीन्थ' घ्या. न्यू जर्सीतल्या बॉय स्काउटच्या एका खऱ्याखुऱ्या कॅम्पवर, हंगाम संपून जागा रिकामी झाल्यावर, 1979 च्या सप्टेंबरात त्याचं शूटिंग सुरू झालं. खर्च साधारण साडेपाच लाख डॉलर, हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लरच. आणि गल्ला? एकट्या अमेरिकेत चार कोटींच्या घरात. मग काय, दिसलं तळं की सोड खुनी, असा धंदाच सुरू झाला. जागा रिकामी, कलाकार नवखे, फोनची तार कापली की पोलिसांचाही प्रश्न मिटला. शिवाय वडीलधारं कुणी नाही, कारण मुलं सांभाळायला ठेवलेले काउन्सेलर स्वतःच जेमतेम मिसरूड फुटलेले. त्या पहिल्या सिनेमात तर कॅम्प उघडायचाच असतो, त्यामुळे सांभाळायला मुलंही नाहीत!

तोच साचा दहा वेळा बघितला की प्रेक्षक पात्रांच्या दोन पावलं पुढे असतो. ही आता एकटी पोहायला जाणार, हा आता 'कोण आहे तिकडे?' म्हणत अंधारात शिरणार, सगळं आपल्याला ठाऊक. त्या बिचाऱ्यांना नाही. दिग्दर्शकाने ही वाट बघणं चटकन संपवलं तर आपण दचकतो. थोडं जास्त ताणलं की हसू फुटतं. भीती आणि विनोद, दोन्हींचं सगळं गणित टायमिंगचं.

त्यातून पडद्यामागची कारागिरी कळली की आणखीच मजा. 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्येच पलंगावर पडलेल्या नट केविन बेकनच्या गळ्यातून खालून बाण आरपार येतो. खरा बेकन पलंगाखाली गुडघ्यांवर बसलेला, फक्त डोकं गादीतून वर काढलेलं, आणि पुढे जोडलेली मान आणि छाती खोटी. मेकअप आणि इफेक्ट्स करणाऱ्या टॉम सॅव्हिनीची ही करामत. ऐन शॉटमध्ये रक्ताच्या पंपाची नळी निसटली, तेव्हा त्याच्या सहायकाने ती तोंडात धरली आणि जिवाच्या आकांताने फुंकली. रक्त भसकन उसळलं. आता सांगा, हे माहीत असताना मी तो प्रसंग गंभीर चेहऱ्याने कसा बघू?

पण नुसती थट्टा करणारे सिनेमे मला आवडत नाहीत. पात्रंच प्रेक्षकांकडे बघून डोळे मिचकावत राहिली, मरणाचं कुणालाच काही वाटेनासं झालं, की दहा मिनिटांत सगळं पांचट होतं. हसू यायला पडद्यावर कुणीतरी मनापासून घाबरलेलं लागतं.

हे जमवणारा सिनेमा म्हणजे 'फ्रायडे द थर्टीन्थ' मालिकेतला सहावा, 1986 चा 'जेसन लिव्ह्ज', दिग्दर्शक टॉम मॅक्लॉकलिनचा. जेसन म्हणजे मालिकेतला मुखवटेवाला खुनी. मेलेला जेसन खरंच मेलाय ना याची खात्री करून घ्यायला नायक टॉमी त्याचं थडगं उकरतो, रागाच्या भरात प्रेतात लोखंडी गज खुपसतो, त्या गजावर वीज पडते आणि जेसन उठून बसतो. पडू दिला असता तर पडून राहिला असता की! या कॅम्पवर मुलं मात्र खरंच आलेली आहेत. जेसन आसपास आहे हे कळल्यावर दोन पोरं बंकखाली लपतात आणि एक दुसऱ्याला शांतपणे विचारतो, "मग, मोठा होऊन तू कोण होणार होतास?" मी या वाक्याला दर वेळी हसते, आणि दर वेळी पोटात खड्डाही पडतो.

2015 च्या 'द फायनल गर्ल्स'ने हेच पार टोकाला नेलं. मॅक्सची आई ऐंशीच्या दशकातल्या एका कॅम्प-स्लॅशरमधली नटी, अपघातात गेलेली. मॅक्स आणि तिची मित्रमंडळी त्या जुन्या सिनेमातच जाऊन पडतात. कॅम्पला निघालेल्या गाडीत बसायचं नाकारलं तर 92 मिनिटांनी तीच गाडी, तीच माणसं, तेच संवाद, कारण सिनेमाची लांबीच तेवढी! आणि त्या गाडीत आई आहे, आईने केलेली भूमिका होऊन. लेकीला ओळखत नाही, आणि कथेप्रमाणे मरणार आहे. लेखकांपैकी एक जोशुआ जॉन मिलर. त्याचे वडील जेसन मिलर म्हणजे 'द एक्झॉर्सिस्ट' या भयपटातले फादर कॅरास. ते पात्रही शेवटी मरतं. गेलेल्या बापाला पडद्यावर पुन्हा मरताना बघायचं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

आता पुढचा ठरलेला प्रश्न, सुरुवात कुठून करू? रक्त सोसत नसेल तर 'फायनल गर्ल्स', त्यात ते बेताचंच आहे. बाकीच्यांनी 'जेसन लिव्ह्ज'. आधीचे पाच बघितले नसतील तरी काही अडत नाही. 'स्लीपअवे कॅम्प' या आणखी एका कॅम्प-स्लॅशरचा 1988 चा दुसरा भाग मात्र थेट लावू नका, पहिल्याचं रहस्य तो सुरुवातीलाच फोडतो. पहिला बघून झाल्यावर जरूर लावा. त्यात खून करणारी बाई ही कॅम्पमधली सगळ्यात शिस्तीची, सगळ्यात प्रामाणिक काउन्सेलर आहे. कुणी दारू प्यायलं, कुणी उर्मटपणा केला की ती त्याचा काटा काढते आणि चौकशी झाली की हसतमुखाने सांगते, घरी पाठवलं.