कचऱ्याच्या गाडीची धून

शुक्रवार, रात्र

आत्ताच विमानतळावरून आलो. पाय दुखतायत, पण आज लिहिलं नाही तर उद्यापर्यंत निम्मं विरून जाईल.

शेजारणीचा थोरला आज तैवानहून परत आला. चोवीस महिन्यांनी. मध्ये एकदाही घरी आला नाही, आजोबा गेले तेव्हासुद्धा. आम्हाला लीहाय या गावी राहायला येऊन सहा वर्षं झाली. इथे युटामध्ये 'मिशनवर गेलाय' (म्हणजे लोक ज्याला मॉर्मन म्हणतात त्या चर्चच्या धर्मप्रचाराला) हे मी इतक्यांदा ऐकलंय की आपल्याकडे 'बारावीला आहे' म्हणतात तितकं ते सवयीचं झालंय. अठरा पुरी झाली की मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. आवडनिवड विचारायची पद्धत नाही.

याचं बोलावणं आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. पूर्वी म्हणे पोस्टाने जाडजूड पांढरं पाकीट यायचं, आता ईमेल येते. सोहळा मात्र तसाच. आत्या, मामा, शेजारीपाजारी दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेले आणि पोरगा मध्ये उभा राहून मोठ्याने वाचतोय. 'तैवान ताइचुंग मिशन, भाषा मँडरिन' म्हटल्यावर एकच आरडाओरडा झाला. त्याची आई हसता हसता रडायला लागली. मी टाळ्या वाजवल्या, पण मनात म्हटलं, अरे, कॉलेजची दोन वर्षं! आणि खर्च घरचाच. महिन्याला ५०० डॉलर, म्हणजे एकूण १२,०००. त्यातले निम्मे पोराने लोकांचं गवत कापून आणि हिवाळ्यात बर्फ उपसून जमवले होते. आमच्याही अंगणातला बर्फ त्यात आला.

विमानतळावर आज गंमतच होती. सॉल्ट लेक सिटीच्या नव्या इमारतीत घ्यायला येणाऱ्यांसाठी मुद्दाम मोठी जागा ठेवलीय, कारण ही मंडळी दोघंतिघं येतच नाहीत, वरात येते. फुगे, रंगवलेले फलक, पाळण्यातलं बाळ, चाकाच्या खुर्चीतली पणजी. आमच्या शेजारी आणखी दोन घोळके होते. एकांचा मुलगा घानाहून येणार होता, दुसऱ्यांची मुलगी चिलीहून. कोणाचंही पोर दिसलं की तिन्ही घोळके ओरडायचे. मीही ओरडले.

तो आला. खांद्यावर विटलेला काळा कोट, छातीवर चिनी अक्षरांची काळी नावपट्टी, चेहरा उन्हाने रापलेला. आईला मिठी मारली, भावंडांना मारली, मग माझ्याकडे आला. मी बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला तर त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, किंचित मान वाकवून. जाताना हाच मुलगा आमच्या दारातून प्रसादाची वाटी एका हाताने उचलून 'थँक्स' म्हणत पळाला होता.

शनिवार

सकाळी शेजारीण कुंपणाशी भेटली. डोळे सुजलेले. म्हटलं, आता कशाला रडतेस, आला की! तर म्हणाली, रात्री आल्या आल्या स्टेक प्रेसिडेंटकडे गेलो होतो. हा म्हणजे आसपासच्या सगळ्या वॉर्डांवरचा, चर्चच्या स्थानिक मंडळ्यांवरचा, प्रमुख. त्याने 'तुझी सेवा पूर्ण झाली' असं सांगितल्याखेरीज नावपट्टी काढायची नसते. पोरगा घरून निघताना 'एल्डर' होता (मिशनवरच्या मुलग्यांना अशीच हाक मारतात), परतताना नुसता पोरगा. तिथे खुर्चीत बसून पट्टी काढायला त्याला बराच वेळ लागला म्हणे. काढून आईच्या हातात दिली आणि मग रडला. दोन वर्षांत आईने त्याला रडताना पाहिलं नव्हतं, आणि व्हिडिओ कॉल तर दर आठवड्याला व्हायचे. ही सोय २०१९ पासूनची. तिचा नवरा नव्वदच्या दशकात पेरूला होता (देश, फळ नव्हे), तेव्हा वर्षातून दोनच फोन: ख्रिसमसला आणि मदर्स डेला.

दुपारी पुण्याला फोन केला तर सासूबाईंनी ओळीने विचारलं: जेवायचा कोणाकडे? आजारी पडला तर? एकटाच होता का? एकटा नाही, सांगितलं. जोडीदार कायम बरोबर लागतो, एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी जोड्या आणि गावं बदलू शकतात. सकाळी साडेसहाला उठायचं. पिक्चर नाही, मैत्रीण नाही, चहाकॉफी तर यांना एरवीही वर्ज्य. 'चहासुद्धा नाही?' इथे सासूबाईंचा धीर सुटला. मग एकदम आवाज बदलून म्हणाल्या, 'पण लोकांना बाटवायलाच गेला होता ना गं?'

मी गप्प बसले. प्रश्न माझाही तोच आहे. सुरुवातीला इथे दोन पोरी पट्ट्या लावून दारात आल्या, तेव्हा मी पाणी दिलं, खुर्ची दिली नाही. कोणी आपला देव सोडून दुसऱ्याचा धरावा म्हणून दारोदार फिरायचं, हे मला आजही पटत नाही. शेजारणीला हे ठाऊक आहे. तिने वाईट वाटून घेतलं नाही आणि मीही मत बदललं नाही. तिच्या नवऱ्यानेच एकदा मला सांगितलं होतं की १८५२ साली त्यांचा ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरून पुढे पुण्याला गेला होता. तिथे छोटीशी शाखाही निघाली, ती फार टिकली नाही. मला वेगळंच सुचलं: तेव्हा मुंबई-ठाणे गाडीसुद्धा सुरू व्हायची होती. म्हणजे हा बाबा घाट चढून गेला! आणि पुण्यात त्याच्याशी कोण काय बोललं असेल, याची कल्पना करून मला जरा त्याची दयाच आली.

रविवार

आज त्याचं चर्चमध्ये भाषण होतं, आम्ही तिघंही गेलो. (यांना 'मॉर्मन' म्हटलेलं आता आवडत नाही. चर्चचं पूर्ण नाव घ्या असं २०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनीच सांगितलं. पण ते नाव घेता घेता माझा श्वास संपतो, म्हणून मी नुसतं चर्च म्हणते.) बाकांखाली रांगणारी बाळं, कागदांची खुसखुस, पावाचा तुकडा आणि पाण्याचा इवलासा पेला. गांभीर्य आणि गोंधळ दोन्ही, आपल्या सत्यनारायणासारखं.

मला वाटलं होतं, आता आकडे येणार. इतक्या लोकांना भेटलो, इतक्यांचा बाप्तिस्मा झाला. आकडा एकच आला आणि तोही ओझरता: चार. दोन वर्षांत चार. मग तो कचऱ्याच्या गाडीकडे वळला.

तिथल्या तैनान शहरात तो पाच महिने होता. तैवानात कचरा रस्त्यावर ठेवायचा नाही, गाडीतच टाकायचा. गाडी बेथोव्हेनची धून वाजवत येते, आइस्क्रीमवाल्यासारखी. धून ऐकू आली की गल्लीतले सगळे पिशव्या घेऊन खाली धावतात. ज्या संध्याकाळी जमेल त्या संध्याकाळी हे दोघंही धावायचे. तिथे एक आजी उभी राहायची. पहिल्या दिवशी याने तिला अदबीने म्हटलं, 'मला तुम्हाला काही विचारायचंय.' मँडरिनमध्ये 'वन' हा शब्द सूर खाली आपटून म्हटला तर विचारणं, आणि सूर खाली नेऊन पुन्हा वर उचलला तर चुंबन घेणं. याने उचलला. आजी कचऱ्याच्या पिशवीसकट हसायला लागली, मग अख्खी गल्ली हसली.

त्या दिवसापासून आजीने त्याची शिकवणी घेतली. गाडी येईपर्यंतची पाच-सात मिनिटं. कोबी म्हण. जावई म्हण. चुकलं, परत म्हण. इथल्या प्रोव्हो गावातल्या, मिशनवर जाणाऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात आठ-नऊ आठवडे जे कानात शिरलं नाही, ते तिथे शिरलं. आजी चर्चमध्ये एकदाही आली नाही. त्याने दोनदा बोलावलं. तिने दोन्ही वेळा भिंतीवरचे आपले पूर्वज दाखवून सांगितलं, माझं सगळं यांच्याशी ठरलेलं आहे. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. बदली झाली तेव्हा आजी कचरा नसतानाही खाली आली, हातात आंब्यांची पिशवी घेऊन.

'मी तिला काही देऊ शकलो नाही,' तो म्हणाला, 'पण मला रोज संध्याकाळी त्या गाडीची वाट बघायला आवडायचं. तिथे मी कोणी नव्हतो. कोबी नीट म्हणता आला की मला दिवसभर आनंद व्हायचा.'

हे बोलताना त्याचा हात दोनदा छातीवर गेला, पट्टी होती तिथे.

मला त्या क्षणी माझ्या चिरंजीवांकडे बघवेना. सतरा वर्षं घरात मराठी ऐकून साहेब अजून 'माझा पुस्तक' म्हणतात. आणि खरं सांगायचं तर दोष त्याचा नाही. चुकला की आम्ही हसतो आणि इंग्रजीत शिरतो. 'परत म्हण' म्हणायला त्या आजीइतका वेळ मी कधी काढला? तिच्याकडे पाच-सात मिनिटंच होती.

मंगळवार

लाडवांचा डबा परत द्यायला आला. रिकामा नाही, आईने केलेली बिस्किटं भरून. टी-शर्टमध्ये ओळखूच येईना. मी सवयीने विचारलं, चहा? आणि जीभ चावली. कोकम सरबत दिलं, ते दोन ग्लास प्याला. तैनानचे आंबे कसे होते विचारलं. लाल, मोठे, फार गोड म्हणाला. हापूससारखे? हापूस त्याला माहीत नव्हता. बिचारा.

चिरंजीव खाली आले. दोघं काहीतरी गेमबद्दल बोलत बसले. मग शेजारच्याने विचारलं, कोबीला तुमच्या भाषेत काय म्हणतात?

'कोबी.'

'आणि जावयाला?'

आमचा माझ्याकडे बघायला लागला. मी गप्प बसले. बराच वेळ गेला. 'जवई,' तो म्हणाला.

'जावई,' मी म्हटलं. 'परत म्हण.'

दोघांनीही म्हटलं.

बाहेर आमच्या गल्लीतली गाडी आली. इथे लोखंडी हात पुढे येतो, डबा उचलतो, उलटा करतो, खाली ठेवतो. कोणी घराबाहेर येत नाही. तो मात्र उठून खिडकीशी गेला आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिथेच उभा राहिला.