निधी गोळा करण्यासाठी निधी

17 जानेवारी 2024, बुधवार

काल रात्री सोलापूरच्या होम मैदानावर शोभेचे दारूकाम झाले आणि सिद्धेश्वराच्या यात्रेची, म्हणजे आमच्या गड्ड्याची, मुख्य गडबड ओसरली. डिसेंबरपासून ज्याच्याकडे जावे तो "गड्डा होऊ द्या, मग बघू" असे सांगत होता. आता ती सबब कोणाकडेच उरलेली नाही, माझ्याकडेही नाही. म्हणून आज दुपारी जेवण आटोपताच महापालिकेला द्यावयाचा अर्ज लिहायला बसले.

आमची संस्था लहान आहे. शहराच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत, आम्ही संध्याकाळी पाच ते आठ अभ्यासिका चालवतो. तिथे 64 मुले येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या आया घरीच विड्या वळतात, आणि पाने कापणे, दोरा बांधणे ही कामे घरात मूल असले की न सांगता त्याच्या वाट्याला येतात. निदान ते तीन तास मुलाच्या हातात कात्रीऐवजी पुस्तक असावे, एवढाच आमचा खटाटोप आहे. दोन शिक्षिकांचे मानधन, खोलीचे भाडे, वीजबिल आणि रोजचा गूळ-शेंगांचा खाऊ मिळून वर्षाला साडेतीन लाख रुपये लागतात. ते उभे करण्यासाठी 10 मार्चच्या रविवारी हुतात्मा स्मृती मंदिरात मुलांच्या नाटुकल्यांचा आणि गाण्यांचा कार्यक्रम करावा व देणगी प्रवेशिका विकाव्यात, असे विश्वस्तांच्या सभेत ठरले आहे. कोषाध्यक्षांनी कार्यक्रमाचा खर्च 1,40,000 रुपये काढला. त्यांपैकी एक लाख महापालिकेने अनुदान म्हणून द्यावेत, अशी विनंती मी अर्जात केली.

अर्जाची सुरुवात मी माझ्या मते फार चांगली केली होती. ज्या नगरपालिकेने 1930 साली, इंग्रजी अमलाखाली असताना, आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवण्याचे धाडस केले, तिच्या वारसदारांकडे आम्ही मोठ्या आशेने पाहत आहोत, अशी ती ओळ होती. कोषाध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली आणि म्हणाले, "बाई, हे निबंध स्पर्धेला पाठवू. अर्जात रक्कम पहिल्या परिच्छेदात हवी." ओळ काढली. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे थोडे वाईट वाटले.

24 जानेवारी, बुधवार

आज आम्ही इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या कचेरीत, जाऊन आलो. अप्पासाहेब वारदांनी हौसेने बांधलेल्या त्या वास्तूपुढे उभे राहिले की, कशासाठी आलो आहोत हे माणूस क्षणभर विसरतो. आवक-जावक विभागात अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला आणि तिथूनच लेखा विभागातल्या एका अधिकाऱ्यांना भेटायला गेलो. वयाने ते माझ्या विद्यार्थ्यांएवढे असतील. त्यांनी बसायला सांगितले, पाणी मागवले आणि अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी जे विचारले ते संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

"मॅडम, तुम्ही निधी गोळा करण्यासाठी निधी मागत आहात, असेच ना?"

प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांनी कागद घेऊन हिशेब मांडला. साडेतीन लाख जमतील अशी अपेक्षा, त्यासाठी खर्च 1,40,000. म्हणजे शंभर रुपये गोळा करायला चाळीस रुपये. त्या चाळिसांतला मोठा वाटा करदात्यांचा. प्रवेशिका खपल्या नाहीत, तर त्या एक लाखाच्या बदल्यात मुलांपर्यंत काय पोहोचले, असे लेखापरीक्षक विचारणार, आणि उत्तरादाखल फाइलमध्ये ध्वनिक्षेपकाचे आणि फ्लेक्सचे बिल असणार. "उपयोगिता प्रमाणपत्रावर 'कार्यक्रम पार पडला' असे लिहून भागत नाही," ते म्हणाले.

माझ्याकडे उत्तर नव्हते. वर्गात एखाद्या मुलाने शांतपणे अगदी बरोबर शंका काढावी आणि आपली तयारी नसावी, तसे काहीसे झाले.

पुढे त्यांनी बरेच समजावून सांगितले, ते इथे टिपून ठेवते. 1949 चा महानगरपालिका अधिनियम महापालिकेची कामे दोन गटांत विभागतो: कलम 63 मध्ये ती केलीच पाहिजेत अशी कामे, जसे पाणी, सफाई, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण, आणि कलम 66 मध्ये स्वेच्छेने करता येण्याजोगी. आमच्यासारख्यांची विनंती फार तर दुसऱ्या गटात बसते, आणि पहिल्या गटाचीच ओढाताण असताना दुसऱ्याला काय उरणार, हे सोलापुरात नळाला किती दिवसांआड पाणी येते हे ठाऊक असलेल्या कोणालाही कळावे. तरीही महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच टक्के तरतूद ठेवायची असते. परंतु ती तरतूद योजनांसाठी असते, समारंभांसाठी नव्हे, आणि एकदा अंदाजपत्रक झाले की ज्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदरात, जागा नाही तिथे पैसा ओतता येत नाही. कराचे दर 20 फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असतात आणि जमाखर्चाची जुळवाजुळव त्याच्या कितीतरी आधीपासून चालू असते. म्हणजे मार्चमध्ये पैसे हवे असतील तर जानेवारीतला अर्ज उशिराचा असतो. तो दिवाळीच्या सुमारास द्यायला हवा होता. ही चूक सर्वस्वी आमची.

मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक आहेत. पूर्वी अशा कामासाठी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठायचे, तो स्थायी समितीतल्या कोणाला तरी गाठायचा आणि मग विषयपत्रिकेवर विषय यायचा. आता आयुक्त हेच प्रशासक असल्यामुळे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. कोषाध्यक्षांना हे सोयीचे वाटते, कारण फिरण्याचे दरवाजे कमी झाले. मला मात्र आमच्या वस्तीतल्या मुलांबद्दल सभागृहात कोणी चार शब्द बोलले असते, मग ते विरोधातले का असेनात, तर बरे वाटले असते.

निघताना त्या अधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, सहज विचारल्यासारखी. "मुले सगळी हद्दीतलीच आहेत ना?"

मी हो म्हणाले. म्हणायला नको होते, कारण मला ते नक्की माहीत नव्हते.

27 जानेवारी, शनिवार

दोन दिवस दोघी शिक्षिकांना बरोबर घेऊन घरोघरी फिरले आणि प्रत्येक मुलाचा सध्याचा पत्ता वहीत उतरवला. पंतप्रधानांच्या हस्ते 19 तारखेला कुंभारीच्या रे नगरमधील 15,000 घरांचे लोकार्पण झाले. असंघटित कामगारांसाठी बांधलेल्या त्या वसाहतीत आमच्या 64 पैकी 11 मुलांच्या कुटुंबांना घर मिळाले आहे. आनंदाचीच बातमी. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून आपल्या अभ्यासिकेचा विषय काढणेसुद्धा अवघड जाते. पण कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे आणि महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. ही अकरा मुले उद्यापासून ग्रामपंचायतीची आणि जिल्हा परिषदेची. मूल तेच, आईची विड्यांची टोपली तीच, अंतर काही किलोमीटरचे. फक्त त्याच्यासाठी कोणाकडे हात पसरायचा तो दरवाजा बदलला.

एका आईला मी विचारले, "अक्का, तिकडे गेल्यावर पोरीला अभ्यासिकेला कशी पाठवणार?" ती पाने भिजवत होती. म्हणाली, "बाई, तुम्हीच तिकडं काढा की एक." तिने तेलुगूत शेजारणीला काहीतरी सांगितले आणि दोघी हसल्या. माझ्या वहीकडे पाहूनच हसल्या असाव्यात.

आज कोणीतरी खासदार निधीचेही सुचवले. वर्षाला पाच कोटी असतात, त्यांतून एक लाख काय जड आहे, असे त्यांचे म्हणणे. तो निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभारण्यासाठी असतो. एका संध्याकाळच्या गाण्यांसाठी तो मागणे म्हणजे पुन्हा तीच चूक करणे होय. विषय तिथेच थांबवला.

5 फेब्रुवारी, सोमवार

पहिला अर्ज आम्ही मागे घेतला. हे ठरवायला विश्वस्तांची सभा तीन तास चालली. "आपण कमीपणा का घ्यायचा, नाही म्हणायचे तर त्यांना म्हणू द्या," हा एक पक्ष. माझे मत असे पडले की सार्वजनिक पैसा मागताना, तो पैसा ज्या वाटेने जाणार ती वाट आपल्याला पूर्ण दिसत असली पाहिजे. आम्हाला ती दिसत नव्हती, आणि ते एका परक्या माणसाने पाच मिनिटांत दाखवले. अध्यक्षांना ते पटले. एका विश्वस्तांना शेवटपर्यंत पटले नाही, आणि त्यांनी तसे सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घेतले, हे योग्यच झाले.

त्यानंतर खर्चाची यादी पुन्हा समोर घेतली. नाट्यगृहाऐवजी महापालिकेच्याच एखाद्या शाळेचे मैदान रविवारी मिळाले तर? सुरुवातीला मी नाट्यगृहाच्या भाड्यात सवलत मागावी असे सुचवले होते. कोषाध्यक्षांनी ते उलटे फिरवले: भाडे माफ करणे म्हणजेही पैसे देणेच; त्या संध्याकाळी पूर्ण भाडे भरणारा दुसरा कोणी असेल, तर महापालिकेचे तेवढे उत्पन्न बुडाले, फक्त ते धनादेशावर दिसत नाही. रविवारी मोकळ्या पडलेल्या शाळेच्या मैदानाचे तसे नाही. त्यामुळे कोणाचे काही बुडत नाही. बँकेतल्या माणसाला हे सुचावे आणि शाळेत आयुष्य काढलेल्या मला सुचू नये!

मैदान धरल्यावर मंडप काढून टाकला, कारण संध्याकाळी साडेसहानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापुरात उघड्यावर बसणे हेच सुखाचे. फ्लेक्स काढले. स्मृतिचिन्हे काढली, पाहुण्यांना चादर देण्याची इथली रीत मोडवेना, म्हणून एकच चादर ठेवली. एकूण खर्च 42,000 रुपयांवर आला. शंभराला बारा. तेवढे आम्ही विश्वस्तांनी आपसांत वाटून घेतले, म्हणजे देणगीदाराचा प्रत्येक रुपया अभ्यासिकेला जाईल असे प्रवेशिकेवर छापता येईल. आमच्याकडे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारे 80-जी प्रमाणपत्र आहे, परंतु दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीस पात्र ठरत नाही, हेही बारीक अक्षरांत छापायचे आहे. मागच्या वर्षी ते न छापल्यामुळे एका सज्जन व्यापाऱ्याशी अकारण वाजले होते.

नव्या अर्जात महापालिकेकडे तीनच गोष्टी मागितल्या: मैदान व दोन वर्गखोल्या, पिण्याच्या पाण्याचा एक टँकर, आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी सफाई. संस्था 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली असल्याची प्रमाणपत्रे आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जोडले. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र दिले.

आणि दुसरा, स्वतंत्र अर्ज: बालकल्याणाच्या तरतुदीतून पुढील वर्षी अभ्यासिकेला साहाय्य मिळावे म्हणून. यात कार्यक्रमाचा उल्लेखही नाही. त्यात 53 मुलांची यादी आहे, 64 नव्हे. पहिल्या यादीतली अकरा नावे खोडताना हात अडखळला, आणि ती अकरा नावे तशीच उचलून जिल्हा परिषदेच्या अर्जाला लावताना आपण मुलांची वाटणी करत आहोत की काय असे वाटले. तिथे ती कोणत्या लेखाशीर्षात बसतील, ते पुढच्या आठवड्यात जाऊन विचारायचे आहे. या वेळी आधी विचारायचे, मग लिहायचे.

9 फेब्रुवारी, शुक्रवार

मैदानाला तोंडी होकार मिळाला. पत्र सोमवारी मिळेल. पण 10 मार्च ही तारीख टिकली नाही.

सकाळी कोषाध्यक्षांचा फोन आला. 2019 साली लोकसभेची आचारसंहिता नेमकी 10 मार्चला लागली होती. यंदाही त्याच सुमारास लागली तर महापालिकेला नवी सवलत देताच येणार नाही आणि हातातले पत्रही अडकेल. म्हणून एक आठवडा अलीकडे यावे, 3 मार्च. मी लगेच त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. त्या म्हणाल्या, "बाई, तीन तारखेला पल्स पोलिओ आहे. आमच्या शाळेत बूथ असतो, दोन्ही खोल्या त्यातच जातील." पाच वर्षांखालच्या मुलांना आमच्या मोठ्या मुलांसाठी बाजूला सरका असे म्हणता येत नाही.

राहिला 25 फेब्रुवारी. म्हणजे हातात सोळा दिवस. प्रवेशिकांवर 10 मार्च छापून झाले आहे, पाचशे प्रती. दुपारी मुलांना तारीख सांगितली, तर नाटुकल्यात मारुती झालेला चौथीतला मुलगा घाबरून म्हणाला की त्याची शेपटी अजून शिवायची आहे. त्याची आई विड्या मोजून देऊन आल्यावर शिवणार आहे. बाकीच्या मुलांना शिक्का आणि शाई देऊन जुनी तारीख खोडायला बसवले. संध्याकाळपर्यंत 180 प्रवेशिका झाल्या, आणि त्यांतल्या चाळीसेक शाईने बरबटल्या. त्या आम्ही विश्वस्तच विकत घेऊ.