आमची वाटचाल : आधी दफनाची वही

कोल्हापूरकडे आमच्या घरी हेळवी यायचा. दारात बैल बांधून घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणायचा आणि आजी त्याला सुपभर जोंधळे घालायची. इंग्लंडात नॉर्फकला येऊन मी तोच धंदा धरला, फक्त गोऱ्यांचा.

2006 साली आम्ही नवरा-बायकोने नॉरिचजवळ सुरुवात केली. खरे भागीदार मात्र एक निवृत्त चर्चवॉर्डन, म्हणजे गावच्या चर्चची व्यवस्था बघणारे कारभारी. आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो. गारगोटीच्या गोल मनोऱ्यांची ती खेड्यातली चर्चं कुलूपबंद असायची आणि किल्ली कुठल्या घरी मिळते ते यांना पाठ. जुन्या इंग्रजी दस्तांतलं हस्ताक्षराचं वळण, म्हणजे सेक्रेटरी लिपी, त्यांनीच शिकवली. त्यातला ‘ई’ उलटा, ‘एच’चं शेपूट ओळीखाली लोंबतं. वडिलांनी मोडी गिरवून घेतली होती, म्हणून डोळा लवकर बसला. थडगी वाचायला आजोबांकडे एक न्हाव्याचा आरसा होता. त्यातून ऊन तिरकं पाडलं की झिजलेलं अक्षर उठून दिसायचं. तुम्हीही आरसाच न्या. दगडाला खडू फासू नका, तारेचा ब्रश तर नकोच नको.

आता ते प्रकरण. एका गिऱ्हाइकाचा पूर्वज विल्यम, बापाचं नाव रॉबर्ट, बाप्तिस्मा 1791 चा. नाव जुळलं, गाव जुळलं, वंशावळ बांधून दिली. त्याच गावची दफनाची वही मी उघडली नव्हती. शेजारच्या परगण्यातल्या एका धंदेवाल्याने ती उघडली, आणि त्यात तीन आठवड्यांनी तोच विल्यम, ‘रॉबर्टचा मुलगा’. आमच्या माणसाचा पूर्वज पाळण्यातच गेलेला!

चूक माझीच. पण त्या गृहस्थाने आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही पत्रं पाठवली, हे कुठल्या धर्मात बसतं? पाच जणांनी पैसे परत मागितले. बायकोने बांगड्या गहाण ठेवल्या. मी आठ महिने फुकट राबलो. 1813 च्या छापील वह्यांआधी दफनात वय बहुधा लिहीतच नसत, त्यामुळे शेजारच्या गावांतले सगळे विल्यम तपासून एकेक करून बाद करावे लागले. अखेर खरा सापडला तो चर्चच्या पेटीतल्या सेटलमेंटच्या जबानीत. परगावचा गरीब माणूस आपल्या गावाच्या गळ्यात पडू नये, म्हणून 1662 च्या कायद्याखाली त्याला शपथेवर जन्मगाव विचारत. हा होता तीन मैलांवरच्या चुलत घराण्यातला. त्या गृहस्थाला हा सापडला नव्हता, बरं का! तरी आमची चूक तो आजही नव्या गिऱ्हाइकांना उदाहरण म्हणून सांगतो. स्वतः पंधरा दिवसांत सरदार-घराण्यापर्यंत वंशावळ नेऊन देतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पुढची वर्षं ठीक गेली. आजोबा गेले; आरसा माझ्याकडे आहे.

त्या पडत्या काळात पैसे परत न मागणारे एकच, लीड्सचे निवृत्त मास्तर. त्यांचे खापरपणजोबा मुंबईच्या फौजेत होते. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यातलं ‘किर्की’ कुठलं, हे नकाशात शोधायची मला गरज पडली नाही. खडकीला माझी मावशी राहते. मास्तर दरवर्षी एक शाखा काढायला सांगतात. 1752 आधी इंग्लंडात नवं साल 25 मार्चला लागायचं; त्यामुळे जानेवारी ते 24 मार्चच्या मधली तेव्हाची तारीख दिसली की आता तेच मला टोकतात, “साल पुढचं धरलंस ना रे?”

यंदा त्यांच्या बायकोचं माहेर काढतोय. 1760 च्या सुमाराचं लग्न परवा सापडलं. नवऱ्याची सही ऐटबाज, नवरीची नुसती फुली. मास्तरांनी फोनवर विचारलं, मग झालं का काम?

म्हटलं, दफनं बघायची राहिलीत.